ओल्या हळदीची बोटं

वाळूच्या टोपलीत ओल्या हळदीची चौऱ्याऐंशी बोटं होती. प्रियदर्शनीने ती दोनदा मोजली. रोज दोन बोटांचा काढा, म्हणजे बेचाळीस दिवस. केमिस्ट्रीत बीएस्सी झालेल्या माणसाला एवढं जमतंच, असं तिचं मत होतं.

तिची धाकटी बहीण त्रिशला पंधरा वर्षांची. तिला पाच महिने पाळी आली नव्हती. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत अंडाशयावरच्या बारीक गाठी दाखवल्या. "सहा आठवडे आहार सांभाळा. नाहीच आली, तर गोळ्या सुरू करू."

साखर, मैदा, तळण बंद झालं. ज्वारीची भाकरी, मेथी, जवसाची चटणी आली. अंगातला दाह कमी करायला ओली हळद, ही प्रियदर्शनीची स्वतःची भर. पलूसच्या त्या जैन घरात कंदमूळ पहिल्यांदाच आलं होतं. स्वयंपाक आणि काढाही बघणारी चंपाआत्या त्यावर चकार शब्द बोलली नाही. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती.

दोन आठवडे मोजदाद चोख जुळली. मग एका दुपारी त्रिशला म्हणाली, "ताई, मोरीमागं कोणतरी बोलतंय."

"कोण?"

"दिसत नाही. अभ्यासाला बसले की आवाज येतो. 'निजा आता, तुमाला कुणी न्यायचं न्हाई.'"

"भूक लागलीय तुला."

"भुकेचा आवाज असता तर श्रीखंड मागितलं असतं."

प्रियदर्शनीने वहीत लिहिलं, 'भास?' पोरीला खरंच भास होत असतील, तर आहार थांबवावा लागणार होता.

एकविसाव्या दिवशी ऊन उतरल्यावर ती स्वतः मोरीमागं गेली. तिथं कुणी नव्हतं. सकाळपासून नळ कोरडा, तरी माती ओली होती. आणि त्या मातीतून ओळीनं बोटं वर आली होती. पिवळी, पेरापेरांची, जणू खाली माणसं निजली होती आणि त्यांनी हात वर केले होते. पाणी मुरत होतं. एक बोट हळूच तिच्याकडे कललं.

त्रिशलाने मागून तिची ओढणी पकडली. "ताई, मोज की."

दुसरं काही सुचेना, म्हणून प्रियदर्शनीने मोजली. बेचाळीस.

"पाय मागं घ्या गं," पाठीमागून आवाज आला. हातात तांब्या घेऊन चंपाआत्या उभी होती. "आत्ता कुठं निजलीत."

"आत्या, तू ही पुरलीस?"

"लावली. एकेकात अनंत जीव हायत, ते उकळू व्हय? तू लय शिकलेली, तुला सांगून काय उपेग."

"मग त्रिशला रोज पितेय ते काय?"

"डब्यातली वाळकी हळद, तिच्यात जीव ऱ्हात न्हाई. आजारी पोरीला नुसतं पाणी देऊ व्हय?"

"तरीच आमटीची चव लागायची," त्रिशला म्हणाली.

प्रियदर्शनीने वहीतलं 'ओली' खोडून 'वाळकी' केलं आणि रोजच्या हळदीचं वजन विचारलं. आत्याने तीनदा चिमूट घेऊन दाखवली, तिन्ही वेगवेगळ्या.

एकोणचाळिसाव्या दिवशी त्रिशलाला पाळी आली. तिचं वजन दोन किलो शंभर ग्रॅमनी उतरलं होतं.