आम्हाला आता सवय झालीये!

किर्रर्र... चिक्!

भर दुपार. भिंगरी नुकतीच झोपलेली. घरात इतकी शांतता की फ्रीजसुद्धा श्वास रोखून उभा होता. आणि नेमकी तेव्हाच आमच्या दारावरची बेल कण्हली! बॅटरी संपत आल्यामुळे ती हल्ली वाजायची कमी आणि कण्हायचीच जास्त. मी चवड्यांवर धावत जाऊन दार उघडलं. लेकीला दुपारी झोपवायला मला जेवढा घाम गाळावा लागतो तेवढ्यात विहीर खणून होते, त्यामुळे दारात कोणीही असलं तरी त्याची खैर नव्हती.

दारात घरमालक काका होते. काका अतिशय सज्जन. इतके सज्जन, की "घर खाली करा" हे सांगायला त्यांना दोन कप चहा लागला.

"मुलाकडे चाललोय, कायमचा," ते शेवटी कपाला म्हणाले. माझ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं बिचाऱ्यांना. "घर विकून टाकतो. गिऱ्हाईक मिळालं की महिन्याभरात तुम्हाला... म्हणजे... तुमची काही अडचण नाही ना?"

"छे हो काका! अडचण कसली?" मी ऐटीत म्हणाले. "आम्ही स्वतःचं घर घेणारच होतो!"

आता आमच्या या बेताची प्रगती म्हणाल, तर भिंगरीने खडूने काढलेलं एक घर फ्रीजवर चिकटवलेलं होतं. त्यालाही दार नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"महिन्याभरात घर?"

"त्यात काय एवढं! लोक महिन्याभरात लग्न ठरवतात!"

"म्हणूनच तर म्हणतोय," तो म्हणाला आणि पुढचा घास त्याला एकट्याने, शांतपणे खावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरं बघायला लागलो. एका घराचं स्वयंपाकघर एवढं अरुंद होतं की आत जाताना पुढे तोंड करून जायचं आणि बाहेर येताना उलटं चालत यायचं. एकाच्या बेडरूममध्ये पलंग मावत होता, पण मग माणसं मावत नव्हती. एक घर मला फार आवडलं. मोठं, हवेशीर, समोर झाड! एजंट म्हणाला, "ताई, हे आपण घाम पुसायला थांबलोय. आपलं घर मागच्या बाजूला आहे."

सगळ्यात छान घर कुठलं होतं, सांगू? आम्ही राहत होतो तेच! सकाळी ऊन थेट भिंगरीच्या गादीवर यायचं आणि ती त्याला "सरक तिकडे" म्हणून दटावायची. ह्याच घरात ती पहिलं पाऊल टाकायला शिकली, दुसरं टाकताना पडायलाही शिकली. पण काकांनी सांगितलेली किंमत ऐकून नवऱ्याला जी उचकी लागली ती थांबायला अख्खा तांब्या संपवावा लागला होता.

इकडे आम्हाला घर मिळेना आणि तिकडे आमचं घर बघायला माणसांची रीघ! सगळ्यांना ते आवडायचं. एक जोडपं तर माझ्यादेखत सोफा कुठे ठेवायचा यावर भांडायलाही लागलं! ह्यांपैकी एकाने जरी होकार दिला तर महिन्याभरात आम्ही रस्त्यावर.

मग मी माझं शस्त्र बाहेर काढलं.

मी एका कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात काम करते. घरूनच, कानाला हेडफोन लावून. आमच्या विभागाचा नियम एकच, ग्राहकाला धीर द्यायचा. आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला एक गोष्ट पक्की कळली आहे. माणूस तक्रारीने घाबरत नाही, धीर दिल्याने घाबरतो! "मशीनचा आवाज येतोय" म्हणणारी बाई निवांत असते. तिला एकदा मायेने सांगा, "काही होणार नाही ताई, फक्त मुलांना जरा लांब ठेवा." पुढच्या क्षणी ती जिन्यात!

तेव्हा मी घराला एक शब्दही वाईट बोलले नाही. मी फक्त धीर दिला.

"छान आहे हो घर," पुढच्या गिऱ्हाइकाला मी म्हणाले. "त्या भिंतीला काही होत नाही."

"कुठल्या भिंतीला?"

"ह्याच. पण काही होत नाही. आम्हाला आता सवय झालीये."

"कशाची?"

"अहो, काही नाहीच आहे तर कशाची काय सांगू!" असं म्हणून मी हसले. जरासं दुःखी हसले.

गिऱ्हाईक भिंतीपासून दोन पावलं लांब सरकलं आणि मग दारापर्यंत सरकतच गेलं.

मला भलताच चेव आला. "वरच्या मजल्यावरची माणसं फार चांगली आहेत, आपण आपल्या कानात कापूस घातला की झालं." "रात्रीचं तेवढं स्वयंपाकघरात जाऊ नका, बाकी काही प्रश्न नाही." आणि भिंगरी? ती तर माझ्याहून सवाई निघाली! तिची एक लाल छत्री होती, ती उघडून ही दिवसभर घरात फिरायची. आली गिऱ्हाइकं की बाई छत्रीसकट बाथरूममध्ये.

"बाळ, बाथरूममध्ये छत्री?" कुणीतरी विचारायचं.

"आम्हाला सवय झालीये!" ती गोड आवाजात सांगायची. मी शिकवलं नव्हतं हो, शप्पथ! फक्त थांबवलंही नव्हतं.

रीघ आटली. एजंटने काकांना सांगितलं की घरात 'बरंच काही' आहे. काय, ते त्याला सांगता येईना. त्यामुळे काकांच्या डोक्यात ते अजूनच वाढलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण माझी फजिती इथून सुरू होते.

त्या दिवशी मी कामावर होते. मोबाइल वाजून भिंगरी उठायला नको म्हणून तो गाद्यांच्या खाली दडपलेला होता. आणि तिकडे माझा नवरा, जो एरवी टूथपेस्ट निवडायलाही आठवडा लावतो, काकांना गाठून बोलणी करून मोकळा झाला होता! काका म्हणाले होते, "कोणी घेईना बाबा. तुम्हीच घ्या. तुम्हाला झेपेल त्यात घ्या." नवऱ्याने बँकेतल्या मित्राच्या हातापाया पडून, घर तपासणाऱ्या बाईंना त्याच दुपारी पाठवायची व्यवस्था केली. मला फोनवर फोन केले. ते सगळे गाद्यांनी ऐकले.

बेल कण्हली. दारात एक बाई. हातात टेप, कानावर पेन, नजर एकदम कडक. मी मनात म्हटलं, आलं आणखी एक गिऱ्हाईक! हेडफोन काढला आणि कामाला लागले.

"या ना! चपला आतच काढा. बाहेर... जाऊ दे, काही होत नाही."

बाईंनी पेनाने भिंतीवर ठोकलं.

"हळू!" मी ओरडले. "म्हणजे... ठोका हो, बिनधास्त ठोका. आजवर काही झालेलं नाही."

बाईंनी पेन मागे घेतलं. "छत?"

मी वर बघितलं. मग पटकन पोळपाट घेऊन माझ्या डोक्यावर धरला. "छत उत्तम आहे."

तेवढ्यात डोळे चोळत भिंगरी उठून आली, छत्री उघडली आणि बाथरूममध्ये चालती झाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. आतून आवाज आला, "आम्हाला सवय झालीये!"

"बरं," बाई म्हणाल्या. "मग बँकेला तसं कळवते."

"कुठल्या बँकेला?"

"तुमच्या. कर्ज हवंय ना? हे घर तुम्हीच घेताय ना?"

माझ्या हातातला पोळपाट माझ्याच पायावर पडला.

त्याच क्षणी नवरा धापा टाकत आत आला. "फोन का उचलत नाहीस?" आणि त्याच्या मागे घरमालक काका!

आता परिस्थिती बघा. बाईंना घर भक्कम वाटलं नाही तर कर्ज मिळणार नाही. आणि काकांना घर भक्कम वाटलं तर ते जुन्या किमतीवर जाणार, म्हणजे पुन्हा उचकी! एकाच घरात, एकाच वेळी, एकीला घर ठणठणीत आहे हे पटवायचं आणि दुसऱ्याला अजिबात कळू द्यायचं नाही!

मी बाईंना ओढत स्वयंपाकघरात नेलं. "अहो, घर खरंच चांगलं आहे," मी कुजबुजले. "ओट्याला तडा नाही!"

"तड्याचं मी विचारलंच नव्हतं," बाई ओट्यापासून लांब होत म्हणाल्या.

"आणि वायरिंगमधून ठिणग्याही येत नाहीत!"

बाईंनी पर्स छातीशी धरली. मला रडू यायला लागलं. खरं बोलायला गेले तरी तोंडातून तोच तक्रार विभाग बाहेर येत होता!

"काय झालं ओट्याला?" हॉलमधून काकांचा थरथरता आवाज.

"काही नाही काका!"

"ऐकलंत?" काका नवऱ्याला म्हणाले. "नुसतं 'काही नाही' म्हणते. किती सोसलं असेल हिने!"

नवऱ्याने मान हलवली. काय करणार? होही म्हणता येईना आणि नाहीही.

मग बाईंनी पदर खोचला. बाथरूममध्ये बादल्या ओतल्या आणि नवऱ्याला खालच्या मजल्यावर पिटाळलं. तो परत येऊन म्हणाला, "खाली एक थेंब नाही, पण तिथल्या आजींनी मला विचारलं की मी कोण!" भिंतीचा इंच न् इंच ठोकून झाला. सगळे दिवे, पंखे एकदम लावून झाले. शेवटी बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही पायांवर उडी मारली. धप्प! भिंगरीला वाटलं खेळ आहे. तिने छत्री टाकली आणि तीही उड्या मारू लागली. धप्प! टप! धप्प! टप! प्रत्येक उडीला काका डोळे घट्ट मिटून घेत होते.

घर ढिम्म हललं नाही.

बाईंनी घाम पुसला आणि त्या माझ्या कानाशी आल्या. "इतकं भक्कम घर मी अलीकडे बघितलं नाही. मला दिसलं तेवढंच मी लिहिणार. ऐकलं ते लिहायला आमच्याकडे जागा नसते." आणि एवढं बोलून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या.

म्हणजे कर्ज मिळणार! मी उडीच मारणार होते, पण समोर काका होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरी," ते म्हणाले, "इतकी वर्षं ह्या घरात लहान लेकराला घेऊन राहिलीस आणि मला एक फोन केला नाहीस? वर मी तुलाच बाहेर काढायला निघालो! तुम्हाला झेपेल त्यातच घ्या घर. माझ्या मनाला तेवढंच बरं वाटेल."

असल्या माणसाला फसवून घेतलेल्या घरात मी लेकीला झोपवू कशी? ऊन आलं तरी मला चटका बसायचा! नवरा नजरेने 'नको, नको, नको' म्हणत होता, तरी मी बोललेच.

"काका, माफ करा. मी सगळ्यांना घाबरवून पळवलं. घर अगदी छान आहे. भिंती भक्कम आहेत, गळत नाही, काहीसुद्धा झालेलं नाही. हवं तर जुनीच किंमत सांगा."

नवऱ्याला उचकी लागली.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा," ते बाईंना म्हणाले, "अजूनही! मला वाईट वाटू नये म्हणून!"

"अहो, पण घर खरंच चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्हीही मला सांभाळूनच घेताय!" काका म्हणाले आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी आणखी तीनदा सांगून बघितलं. जितक्या पोटतिडकीने सांगावं, तितके काका जास्त हळवे होत गेले. शेवटी बाईच म्हणाल्या, "राहू द्या आता. अजून एकदा धीर दिलात तर हे घर फुकट देऊन टाकतील."

तर असं आमचं स्वतःचं घर झालं! काका मुलाकडे गेले. अधूनमधून त्यांचा फोन येतो. "भिंत कशी आहे?" मी म्हणते, "मस्त आहे काका." आणि पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू येतो.

कागदांवर सह्या झाल्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये जमिनीवर लोळत होतो. भिंगरी माझ्या पोटावर डोकं ठेवून छताकडे बघत होती.

"आई, आता हे घर आपलं?"

"आपलं."

"म्हणजे आपण आता मालक?"

"हो गं माझी मालकीण!"

तिने एकेक भिंत नीट निरखून घेतली. मी नवऱ्याकडे बघून हसले. आमची लेक पण किती समजूतदार, मला वाटलं. मग ती उठून बसली, तिने एकदा बाबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं,

"मग आता आपण कोणाला सांगायचं, घर खाली करा म्हणून?"