विमानमास्तर वासुभाऊ

मी तेल्हाऱ्याकडच्या कापसाच्या शेतावरचा, कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिलाच. विमान मी पाहिलं ते मान वर करून. अशानं वैमानिकावर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. वाचकांनी क्षमा करावी. पण वासुभाऊंवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

वासुभाऊ टांग्यात बसले की टांगेवाल्याच्या अगदी पाठीशी बसत आणि दोन्ही हात लगामापासून वीतभर दूर धरून ठेवत. लगामाला शिवत मात्र नसत.

"करीममियां, वळण्याआधी उजवीकडे पाहिलंत?"

"घोडे ने देखा, साब."

"आणि घोडा चुकला तर?"

"तो आप बैठे हैं ना पीछे!"

लढाई चालू होती आणि वासुभाऊ हवाई दलात होते. पण लढत नव्हते. पंजाबातल्या एका तळावर ते नव्या पोरांना उडायला शिकवत. शिकणारा पुढे, हे मागे. दोघांसमोर विमान वळवायचा सारखाच दांडा. पोरगं चुकलं तर पकडायचं, नाहीतर हात नुसते जवळ ठेवायचे. ती सवय अमरावतीतही सुटली नव्हती. त्यांची आई, म्हणजे आमच्या काकू, ताटात कढी वाढताना त्यांचे हात पातेल्याजवळ जात, आणि त्या म्हणत, "वासू, मला येते रे कढी वाढता!"

कावीळ झाली म्हणून त्या हिवाळ्यात ते रजेवर घरी आले होते. मी शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मला सायकल येत नाही हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच सकाळी आम्ही बडनेऱ्याच्या रस्त्यावर.

"आता सायकल तुझी," ते म्हणाले.

"भाऊ, सोडू नका. मी पडून राहिलो!"

"पडून राहिला नाहीस. पडशील असं तुला वाटतंय. समोर बघ."

धोका जितका जवळ, तितका त्यांचा आवाज हळू. समोरून सरकीची बैलगाडी आली तेव्हा तो इतका हळू झाला की मला काही ऐकूच आलं नाही. मी सरळ सरकीत. गाडीवान ओरडला, "काहून बे, डोये फुटले काय?" वासुभाऊ शांतपणे म्हणाले, "छान. पण उतरायला अजून वेळ होता."

वासुभाऊंचं लग्नाचं वय उलटत चाललं होतं. अंजनगावचे एक गृहस्थ मुलीसाठी आले. विमान चालवणारा जावई म्हणून खुशीत होते.

"किती जपानी पाडले?"

"एकही नाही. मी शिकवतो."

"म्हंजे मास्तर?" गृहस्थांनी चहा संपवला आणि पुन्हा आले नाहीत. गल्लीत मात्र तेच नाव पडलं.

वासुभाऊंना ब्रह्मदेशात लढाऊ तुकडीत जायचं होतं. एवढं एकच हवं होतं. दरवर्षी अर्ज करत आणि दरवर्षी साहेब म्हणे, तुझी पोरं अपघात करत नाहीत, तुला कसा सोडू? बढत्या लढणाऱ्यांना मिळत. त्यांनी शिकवलेला एक जण आता त्यांच्याहून वरचा अधिकारी होता.

"पहिल्या दिवशी विमानात ओकला होता," ते सांगत. "आता दिसला की मी सलाम ठोकतो."

मला त्यात सोपा उपाय दिसला. "मंग भाऊ, थोडं वाईट शिकवा ना. तुमाले आपोआप सोडतील."

ते रागावले नाहीत. आवाज एकदम खाली गेला.

"कुणाला शिकवू वाईट? नाव सांग एकाचं."

रजा संपायला आठवडा उरला असताना तार आली. ब्रह्मदेशातली तुकडी. त्या ओकणाऱ्यानंच त्यांना मागून घेतलं होतं. करीममियांनी घोड्याला गूळ चारला. काकू देवघरात जाऊन बसल्या त्या बाहेर येईनात.

वासुभाऊंनी गणवेश चढवला आणि आम्ही तारघरात गेलो. तिथं ते बराच वेळ टाक हातात धरून उभे राहिले. मग लिहिलं: चार विद्यार्थी अर्धवट आहेत, ते पुरे करून येतो.

"भाऊ, हे काय करून राहिले तुमी? इतकी वर्षं वाट पाहिली!"

"त्यातला एक उतरताना डोळे मिटतो," ते म्हणाले. "नवा मास्तर मागे बसणार. त्याला ते दिसायचं नाही."

"मंग तुमाले कसं कळलं?"

"माझेही मिटायचे."

वरच्यांना हेच हवं होतं. त्यांनी तत्काळ मान्य केलं. चार पोरं तयार झाली, मग आणखी चार आली. ब्रह्मदेशातली जागा दुसऱ्यानं भरली.

श्रावणात बातमी आली की जपान शरण गेला, लढाई संपली. वासुभाऊ पंजाबातच होते. मी वर्तमानपत्र घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचून घेतलं, आत जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्या हातावर दिली.

"त्याला वाईट वाटलं असेल का रे?"

मी म्हटलं, "वाटलं असेल."

त्यांनी साखरेचा डबा परत फळीवर ठेवला.

"मग मी साखर ठेवली, हे त्याला सांगू नको."