रविवारी न बसलेले बोल्ट

मानासेच्या ट्रकच्या स्टिअरिंग बॉक्सचे चारही बोल्ट शेवटी घट्ट बसले आणि त्यानंतर एकदाही सैल झाले नाहीत. पण ते बसले रविवारी. पॅसिफिक महासागरातल्या आमच्या टोंगा देशात रविवारी काम करायला कायद्याने बंदी आहे, आणि आमच्या गावात तर कायद्यापेक्षा मानासेची फिफिता आत्या कडक आहे. त्यामुळे ते बसलेच नाहीत. जे घडलंच नाही, ते पुढीलप्रमाणे घडलं.

ट्रक निळा होता. मानासे दर नाताळला त्याला नव्याने रंग द्यायचा. बाहेरून, आतून, खालून, जिथे देवाशिवाय कुणी डोकावणार नाही अशा जागीही. गावात दुसरा ट्रक होता, मानासेच्या चुलतभावाचा, पाउलाचा, पण त्यातून डुकरं जायची. म्हणून चर्चचं गायक मंडळ कायम मानासेच्या ट्रकमधून जायचं, आणि या एका गोष्टीवर मानासे गावात छाती फुगवून चालायचा.

ट्रकमध्ये दोष एकच. स्टिअरिंगची लोखंडी पेटी चासीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, ज्या चार बोल्टांनी धरलेली असते, ते बोल्ट सैल व्हायचे. चाक फिरवलं की आधी पेटी हलायची, मग जरा विचार करून ट्रक वळायचा. मानासेने सगळे उपाय केले. स्प्रिंग वॉशर घातले, नटावर नट चढवले, मासे धरायची दोरी गुंडाळली. बायको लोसेची लाल नेलपॉलिशसुद्धा ओतून पाहिली. बोल्ट सैल झालेच, फक्त दिसायला देखणे झाले.

मागच्या महिन्यात ट्रक अख्ख्या मंडळासकट अळूच्या शेतात गेला. पुढच्या सीटवरून फिफिता आत्या उतरली तेव्हा तिच्या टोपीत अळूचं पान होतं.

"मानासे," ती म्हणाली, "पुन्हा असं झालं ना, तर मंडळ पाउलाच्या ट्रकमधून जाईल. कायमचं."

आमच्याकडे वडिलांची बहीण म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय. तिथे अपील नसतं.

त्या रविवारी दुपारी मंडळाला कड्यापलीकडच्या गावात गायला जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी मानासेने बोल्ट आवळले होते. पण रविवारी पहाटे लांबच्या वस्तीवरच्या बायकांना प्रार्थनेला आणताना खड्ड्यांच्या रस्त्याने आपलं काम केलं. दुपारी जेवण उरकून, आमच्याकडे चर्चला जाताना कपड्यांवरून नेसतात ती विणलेली चटई कमरेला बांधून तो चर्चशेजारच्या नीरफणसाखाली उभ्या ट्रकमध्ये चढला, चाक फिरवलं, आणि खालून 'खडक्' झालं.

"लोसे, पेटी हलतेय."

"मग आत्याला सांग."

"तू सांग की."

"आत्या कुणाची? माझी?"

"आवळल्याशिवाय नेता येणार नाही गं. कड्याच्या उतारावर अळूचं शेत नाही, थेट समुद्र आहे."

लोसेने आजूबाजूला पाहिलं. "तू खाली सरक. मी इथे उभी राहून प्रार्थना म्हणते. प्रवासाआधी म्हणतातच ना? एका गाण्यात होईल?"

"दोन कडव्यांत होईल."

मानासे पाना घेऊन ट्रकखाली सरकला आणि लोसेने गाणं सुरू केलं. इथेच चूक झाली. आमच्याकडे गाणं सुरू झालं आणि त्यातला खालचा सूर कुणी धरलेला नसला, तर ऐकणाऱ्याला घरात बसवत नाही. पहिल्या कडव्याला शेजारचे दोघे खर्जात मिसळले. दुसऱ्याला वरच्या सुरातल्या बायका आल्या. तिसऱ्याला अर्धं गाव ट्रकभोवती गोल करून उभं होतं, मधोमध फिफिता आत्या होती, आणि चर्चमधून पाळक मोआला बायबल घेऊन येत होते.

"काय चाललंय?" पाळकांनी विचारलं.

"ट्रकसाठी प्रार्थना, पाळकसाहेब," लोसे म्हणाली.

"का? आजारी आहे?"

"थकलाय हो."

"आणि मानासे कुठाय?" आत्याने विचारलं.

"तो ना, आत्या… तो आधीपासूनच ट्रकच्या फार जवळचा."

खाली मानासेने आवळायच्या घाईत पाना उलटा फिरवला होता. चारही बोल्ट मोकळे होऊन पेटी त्याच्या छातीवर येऊन बसली, आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं. एवढी शांतता झाली की पाळकांच्या बायबलचं पान उलटलेलं खाली ऐकू आलं. मानासे पेटीला लेकरासारखं कवटाळून पडून राहिला. पाळकांनी प्रवचन सुरू केलं. महापुरात नोहाच्या तारवाला सुकाणू नव्हतं, तरी ते पोचलं, इथून त्यांनी सुरुवात केली. नोहाला वेळ भरपूर होता, हे मानासेला तिथेच जाणवलं.

आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपल्यालाही भरपूर आहे. आजवर तो ट्रकखाली शिरला की कुणीतरी हाक मारायचंच. आज प्रवचन चालू असताना हाक मारायची कुणाची छाती नव्हती. त्याने पहिल्यांदाच, पेटी जिथे बसते ती चासीवरची जागा निवांत पाहिली. तिथे लोखंड दिसतच नव्हतं. निळा रंग होता. त्याखाली जुना निळा, त्याखाली त्याहून जुना. सगळे नाताळ एकावर एक, लोण्यासारखे मऊ. हादरा बसला की रंग दबायचा आणि बोल्ट सैल व्हायचे. बोल्टांचा काही दोष नव्हता. बिचारे इतकी वर्षं लोखंडाला नाही, मानासेच्या हौसेला धरून होते.

त्याने खिशातून चाकू काढला. खर्र…

प्रवचन थांबलं.

"कसला आवाज गं?" आत्या म्हणाली.

"कोंबडी उकरतेय, आत्या."

"रविवारी?"

"आता कोंबडीला कोण सांगणार?"

पाळकांनी क्षणभर टायरकडे पाहिलं. "आपण गाऊ या," ते म्हणाले. "मोठ्याने."

मंडळ गायला लागलं. मानासेने सगळे नाताळ खरवडून काढले, पेटी गुडघ्याने वर रेटली आणि पहिला बोल्ट आवळला. किर्र… टक्. मग दुसरा. मग तिसरा. गाणं संपलं. लोकांनी 'आमेन'साठी तोंडं उघडली.

"थांबा," पाळक म्हणाले. "माझ्या मोजणीप्रमाणे तीनच झाले."

"काय तीन?" आत्याने विचारलं.

"कडवी."

"अहो, पाच म्हटली की!"

"मला तीनच ऐकू आली, फिफिताबाई. अजून एक होऊ द्या."

त्या कडव्यात चौथा बोल्ट बसला. मग पाळकांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतः चपलेत खडा गेल्यासारखे टायरपाशी वाकले.

"नीट आवळलंस ना रे? मीही त्याच ट्रकमधून येतोय."

मानासे डोळे मिटलेल्या गावामधून सरपटत बाहेर आला आणि शेवटच्या रांगेत उभा राहून सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणाला. सगळ्यांनी डोळे उघडले. मानासेच्या कमरेच्या चटईवर मागे ऑइलचा परातीएवढा डाग होता. पाउलाने तो पाहिला आणि बोलायला तोंड उघडलं.

"तो डाग शुक्रवारचा आहे," फिफिता आत्या म्हणाली.

पाउलाने तोंड मिटलं. जरा विचार करून त्याने, आपणही तो शुक्रवारीच पाहिल्याचं सांगितलं.

"आणि लोसे," ट्रकमध्ये चढताना आत्या हळूच म्हणाली, "त्या कोंबडीला म्हणावं, पाना धुऊन ठेव."

ट्रक निघाला. सवयीने मानासेने चाक अर्धा फेरा जास्त फिरवलं, आणि ट्रक पहिल्यांदाच सांगितलेलं लगेच ऐकून थेट चर्चच्या कुंपणाकडे गेला. तेवढं सोडलं तर कड्याच्या उतारावरून मंडळ असं उतरलं की मागच्या बायका गाणं थांबवून खाली समुद्र बघत होत्या, कौतुकाने.

प्रार्थनेने ट्रक बरा झाला, ही बातमी सोमवारपर्यंत बेटभर झाली. पुढच्या रविवारी नीरफणसाखाली एक होडीचं इंजिन, एक कपडे धुण्याचं मशीन आणि पाउलाचा ट्रक प्रार्थनेसाठी आले. ट्रकखालून पाउलाचे पाय दिसत होते. त्याच्या पुढच्या रविवारी पाळकांचा घसा पार बसला. मग गावाची सभा भरली. रोगाच्या मुळाशी रस्ता आहे यावर एकमत झालं, आणि आत्याने सांगितलेला अर्ज मानासेने रस्त्यांच्या कचेरीत नेऊन दिला. तो असा:

"महोदय, रविवारी काम करण्यास सक्त मनाई असताना, आमच्या गावचा रस्ता दर रविवारी सर्वांदेखत वाहनांचे बोल्ट सैल करण्याचे काम करतो, असे निदर्शनास आले आहे. गावात अन्य कोणीही रविवारी काम केलेले नाही. तरी सदर रस्त्यास दर रविवारी सुट्टी मंजूर करावी आणि सुट्टीच्या काळात त्याने सपाट पडून राहावे, असे त्यास आपल्या स्तरावरून कळवावे, ही नम्र विनंती."