साळवे सरांची रेषा

साळवे सरांशी बोलायला गेलं की ते आधी हात वर करून आपल्याला थांबवायचे.

"एकदा 'हो' म्हणा."

आपण हो म्हणायचं.

"आता 'नाही' म्हणा."

तेही म्हटलं की मान हलवायचे. "हं, जुळलं. बोला आता."

यातून कुणाचीच सुटका नव्हती. शिपाई असो, पाहुणे असोत, खुद्द प्राचार्यही. प्राचार्यांचं 'हो' आणि 'नाही' एकसारखंच ऐकू येतं, अशी तर सरांची जाहीर तक्रार होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरहून पाथर्डीकडे जाताना माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवायचो, सर इलेक्ट्रॉनिक्स. बंगळूरच्या एका चिपांच्या कंपनीतली मोठी नोकरी सोडून ते इकडे आले होते. का सोडली म्हणून विचारलं की एवढंच म्हणायचे, "सही मागत होते."

एका एप्रिलात ते एक बोर्ड घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये शिरले आणि रंध्याच्या बाकावर पथारी मांडली.

"सर, तुमाला लॅब हाय की."

"लॅबला पंखे आहेत. मला तुमच्या छताचे तापलेले पत्रे पाहिजेत."

मग त्यांनी मला समजावलं. कॉम्प्युटरच्या मेमरीची चिप सगळं एक आणि शून्यातच वाचते. तारेतून आलेला विजेचा दाब एका रेषेच्या वर असला तर एक, खाली असला तर शून्य. ही रेषा धरून बसणारं सर्किट म्हणजे रिसीव्हर. वेग वाढला की एक आणि शून्यातलं अंतर केसाएवढं उरतं. त्यात चिप तापली की रेषा सरकते आणि एकाचा शून्य होतो.

"मग कंपनी काय करती?"

"कारखान्यात एकदा रेषा जुळवते आणि नारळ फोडते. मी म्हणालो, चिप कामावर असताना तिनं अधूनमधून स्वतःच जुळवायला पाहिजे. ओळखीचा एक, ओळखीचा शून्य पाठवायचा, बघायचं, रेषा परत मध्ये आणायची. साहेब म्हणाले, वेळ नाही, 'सर्व तापमानांत ठीक' असं लिहून सही करा. एसीत बसून! एसीत सगळ्याच चिपा गुणी असतात, पठाडे."

'हो-नाही'चं कोडं मला तेव्हा उलगडलं.

प्राचार्यांनी बोर्ड पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "साळवे, हे सिलॅबसमध्ये नाही."

"उन्हाळासुद्धा नाही, सर. तरी येतोच."

मे महिन्यात तीच कंपनी आमच्या कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून द्यायला निघाली. येणारे साहेबही तेच, सही मागणारे. प्राचार्यांनी सरांना दोन दिवस रजा घ्यायला सुचवलं. सर दुपारी दोन वाजता वर्कशॉपच्या दारात उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, "आत या. आधी एकदा 'हो' म्हणा."

साहेब हसत हो म्हणाले, हसत नाही म्हणाले आणि पत्र्याखाली आल्यावर त्यांचं हसू घामात विरघळलं. बोर्डावर एक लाल दिवा होता. चिपेनं चुकीचं वाचलं की तो लुकलुकायचा. त्या उकाड्यात तो थांबेचना. सरांनी एक बटण दाबलं, त्यांचं जुळवणारं सर्किट चालू झालं. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. दहा मिनिटं आम्ही सगळे एका विझलेल्या दिव्याकडे टक लावून बसलो होतो.

साहेबांनी रुमाल काढला. "साळवे, परत या. तुमची स्वतःची टीम देतो. फक्त त्या जुन्या रिपोर्टवर सही करून टाका, मागची तारीख घालून. फाइल पुरी होईल."

"मागची तारीख घातली म्हणून मागची चूक बरोबर होत नाही."

"विचार करा. घरचे खूश होतील."

सरांनी बोर्डावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "सही नाही."

साहेब गेले, प्रयोगशाळाही गेली. प्राचार्य कडाडले, "ते बोर्डाचं खोकं आधी हलवा इथनं!"

"हलवतो. उन्हाळा संपला की."

पुढच्या रविवारी फाट्यावरच्या एसटीडी बूथवर मी रांगेत होतो. आत सर होते. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे ऐकू येत होतं. त्यांची बायको बंगळूरला बँकेत नोकरीला आहे आणि मुलगी तिच्याजवळ असते, हे मला तिथं कळलं.

"सर्दी झालीय का गं तुला?... नाही? मग आवाज असा का येतोय?... बरं, बोल तू. काहीही बोल."

बाहेर आले ते तिथंच उभे राहिले.

"पठाडे, तिचा आवाज बदललाय."

"पोरगी वाढती, सर. बदलायचाच."

"हो. पण कधी बदलला ते मला कळलंच नाही."

सोमवारी त्यांनी रजेचा अर्ज दिला. चार वर्षांतला पहिला. मी वर्कशॉपच्या सामानाच्या यादीवर सही घ्यायला प्राचार्यांसमोरच उभा होतो. अर्जात कारण लिहिलं होतं : मुलीचा आवाज ऐकायला जाणे.

"असं लिहीत नाहीत, साळवे," प्राचार्य म्हणाले. "'प्रकृती अस्वास्थ्य' लिहा, लगेच मंजूर करतो."

"प्रकृती ठणठणीत आहे माझी."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अर्ज पुन्हा वाचला. मग सही केली.

सर आभार मानायलाही थांबले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं, फाट्यावर नगरची एसटी येऊन उभी राहत होती. खांद्याला पिशवी अडकवून सर माळावरून धावत सुटले होते. एका चपलेचा अंगठा तुटला तशी ती हातात घेतली, पण थांबले नाहीत.