कॅप्टन कुणाचे पाहुणे?

आपण रस्ता चुकूच शकत नाही, याबद्दल कॅप्टनना तिळमात्र शंका नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढलेली. डोळे बांधून कुठेही सोडा, दुपारच्या जेवणाला घरी हजर होतो, असं ते भेटेल त्याला ऐकवत. निवृत्तीनंतर त्यांनी सायकल घेतली आणि दर रविवारी चौघांची टोळी घेऊन ते वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारू लागले. तेव्हापासून कॅप्टन हे नाव पडलं. वय अडुसष्ट, आणि अकरा वर्षांचा मधुमेह.

त्या रविवारी निघायच्या वेळेलाच पुढचं चाक बसलं. कॅप्टननी बाकीच्यांना फोन करून पुढे व्हायला सांगितलं. पुलाच्या आत तुम्हाला गाठतो म्हणाले. सकाळचं इन्सुलिन टोचून झालं होतं, टेबलावर नाश्ता वाढलेला होता. दोन घास खाऊन जा, म्हणून बायको मागे लागली, पण टोळी पुढे गेलेली असताना कॅप्टनच्या घशाखाली काही उतरेना. पुलापलीकडच्या टपरीवर खाईन म्हणाले. जर्सीच्या मागच्या खिशात बायकोने ग्लुकोजची पुडी ठेवली होती. तिथे जादा ट्यूब मावेना, तेव्हा त्यांनी पुडी काढून गुपचूप फ्रिजवर ठेवली. ट्यूब नसली तर माणूस वाटेत अडकतो, असा त्यामागे विचार होता.

चौदा किलोमीटर झकास गेले. मग चढ लागला आणि कॅप्टनना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. त्यांनी तो दोष रस्त्याला दिला. डांबर खराब आहे म्हणाले. पुढे मैलाचा दगड आला. तो त्यांनी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा निघाला. एवढ्यात पुढे नारिंगी जर्सी दिसली आणि त्यांच्या जिवात जीव आला. टोळीतले औषधांचे दुकानदार नारिंगीच घालायचे. कॅप्टननी हाका मारल्या, पण नारिंगी काही वळून बघेना. औषधवाले आज बरेच बारीक दिसताहेत, हेही त्यांच्या लक्षात आलं. सायकलिंगचा गुण आला म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं.

नारिंगी जर्सी मुख्य रस्ता सोडून एका गल्लीत वळली. कॅप्टनही वळले. जर्सी हिरव्या फाटकातून आत शिरली, सायकल पत्र्याच्या शेडमध्ये लावून मागच्या दाराने घरात गेली. कॅप्टननी शेजारीच आपली सायकल टेकवली आणि तेही आत गेले.

ते घर एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं होतं. माणूस अबोल. महिन्याभरापूर्वी सायकल चालवायला लागला होता. कुणाबरोबर, कुठे, ते त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. तो तडक अंघोळीला गेला. स्वयंपाकघरात त्याची बायको होती. ती शाळेत शिकवायची. दारात हेल्मेटधारी आजोबा बघून तिला आनंद झाला. नवऱ्याने कधी नव्हे तो मित्र घरी आणला होता. या, बसा, म्हणून तिने खुर्ची पुढे केली.

कॅप्टन बसले. टपरी बरीच सुधारली आहे, असं त्यांना वाटलं.

"दोन प्लेट," ते म्हणाले. "आणि साखर जास्त."

माणूस विनोदी आहे, असं बाईंना वाटलं. त्यांनी हसत ब्रेड, जॅम, केळी, दूध असं सगळं पुढे मांडलं आणि कॅप्टन त्यावर तुटून पडले.

घड्याळवाला डोकं पुसत बाहेर आला, तर त्याच्या खुर्चीत एक म्हातारा जॅम खात बसलेला. तो जागच्या जागी थबकला. बायकोला सात मामा होते. त्यातल्या एकाला लग्नात ओळखलं नाही, म्हणून वर्षभर बोलणी खाल्ली होती. ती चूक पुन्हा करायची नव्हती. त्याने अदबीने नमस्कार केला आणि प्रवास कसा झाला, विचारलं.

"चढ फार," कॅप्टन म्हणाले.

घड्याळवाल्याने मान डोलवली. मामांचा चमचा बशीवर टकटक वाजत होता. इतका हात थरथरतो म्हणजे वय झालं, म्हणून त्याने जॅमची बाटली त्यांच्या जवळ सरकवली. कॅप्टन सहावा स्लाइस संपवून इकडेतिकडे बघायला लागले आणि औषधवाले कुठे गेले, म्हणून विचारू लागले. घड्याळवाल्याने बायकोला ओट्याशी गाठलं.

"ह्यांना औषध हवंय बहुतेक."

"कुठलं? तुम्हाला माहीत असेल ना."

"मला कसं माहीत असणार? मामा तुझे."

"माझे? अहो, हे तुमचे सायकलवाले ना?"

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. पाहुणे केळं सोलत होते.

एव्हाना साखर कामाला लागली होती. कॅप्टनना आधी टेबलावरचं चौकटीचं मेणकापड दिसलं. मग तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. मग कोपऱ्यात घुर्र करत फिरणारं कपडे धुण्याचं मशीन. टपरीवर ते कशाला असेल, हा विचार मनात आला आणि हातातलं केळं तिथेच राहिलं.

"हे कुणाचं घर?" त्यांनी विचारलं.

"आमचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुणाचे?"

कॅप्टननी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कान तापले.

"मी तुमच्यापैकी कुणाचाच नाही," ते म्हणाले. "मला मधुमेह आहे. साखर उतरली असणार."

मग मात्र बाईंनी सूत्रं हातात घेतली. कॅप्टनना आडवं केलं, त्यांच्या फोनवरून घरी फोन लावला. तिकडे टोळीचे पाच फोन येऊन गेले होते. अर्ध्या तासात कॅप्टनची बायको गाडी घेऊन आली, सोबत औषधवाले. ते मुळीच बारीक झालेले नव्हते. बायको घरच्यांचे आभार मानून थकली, मग कॅप्टनना दंडाला धरून तिने गाडीत बसवलं. बाईंचा फोन येईपर्यंत तिने वाटेतला प्रत्येक खड्डा, प्रत्येक चर मनातल्या मनात धुंडाळला होता. परतताना स्टिअरिंगवर तिचे हात थरथरत होते, आणि या वेळी कॅप्टनना दोष द्यायला डांबरही सापडेना.

घरी पोचल्यावर साखर तपासली, तर ती आता नको इतकी वर चढलेली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, काय काय खाल्लं? एखादा स्लाइस असेल, असं कॅप्टन म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, कागद-पेन घेतलं आणि थेट बाईंना फोन लावला, स्पीकरवर.

सहा स्लाइस, बाईंनी सांगितलं. दीड केळं. दोन पेले दूध, साखर घालून. जॅमची अर्धी बाटली. शेवटी चमच्यानेच खात होते. असा जॅम आपण उभ्या जन्मात खाल्ला नाही, असं दोनदा म्हणाले.

बायको लिहीत होती. कॅप्टन खाली मान घालून ऐकत होते. अकरा वर्षांत या घरात जॅमची बाटली आलेली नव्हती. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली, डोळे मिटून पाहिले. काही म्हणजे काही आठवेना.

"त्यांना विचार ना," ते हळूच म्हणाले, "कसला होता जॅम?"

बायकोने फोन बंद केला.