कार्बनकपातीचे व्यवहार्य उपाय आणि एक चाक

कोणताही प्रश्न सुटण्यापूर्वी त्याच्यावर साधकबाधक चर्चा व्हावी लागते. चर्चा पुरेशी साधकबाधक झाली, तर पुष्कळदा प्रश्न सुटण्याची गरजच उरत नाही. आमच्या शहराच्या वीजकेंद्रातून कमी कार्बन बाहेर पडावा म्हणून जी समिती नेमली गेली, तिच्या कामाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. टीका करणे सोपे असते. चौदा महिन्यांत एकोणसाठ बैठका घेणे सोपे नसते.

समितीचे पूर्ण नाव 'वीजनिर्मितीतील कार्बनकपातीसाठी व्यवहार्य उपाय सुचवणारी समिती' असे आहे. यातला 'व्यवहार्य' हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या चार बैठका त्याची व्याख्या ठरवण्यात गेल्या. जो उपाय केल्याने कोणालाही काहीही बदलावे लागत नाही तो व्यवहार्य, असे एकमताने ठरले.

समितीत पाच जण आहेत. अध्यक्ष निवृत्त मुख्य अभियंता आहेत. सचिव वीजकेंद्राच्या कार्यालयातले. एक प्राध्यापक हिशेबासाठी. एक कोळसा पुरवठादार (कोळशाचा प्रश्न त्यांच्याइतका जवळून कोणी पाहिलेला नाही). पाचवा सदस्य फिटर. तो केंद्रातला सगळ्यात जुना कामगार. त्याची बायको आणि अध्यक्षांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून त्याला घेतले असे लोक बोलतात. ते खरे आहे. पण पाचांपैकी भट्टीच्या आत जाऊन आलेला तो एकटाच, हा योगायोगही नोंदवायला हवा.

फिटरचे म्हणणे थोडक्यात असे. भट्टीतून चिमणीकडे जाणाऱ्या गरम वायूच्या वाटेत दुमजली घराएवढे एक चाक सावकाश फिरत असते. ते वायूची ऊब घेते आणि भट्टीत शिरणाऱ्या थंड हवेला देते. चाकाच्या कडेला पोलादी पट्ट्या असतात. त्या झिजल्या की हवा भट्टीत जायचे सोडून फटीतून शीळ घालत थेट चिमणीत पळते, आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. पट्ट्या झिजून चार वर्षे झाली. रोज साठ टन कोळसा कोणाचा चहासुद्धा गरम न करता वर जातो.

"नऊ दिवस संच बंद ठेवा," तो पहिल्याच बैठकीत म्हणाला. "पट्ट्या बदलतो. बाकी तुमचं चालू द्या."

"साडू, इतकं सोपं असतं तर समिती कशाला नेमली असती?" अध्यक्ष म्हणाले.

"मी तेच विचारतोय."

हे इतिवृत्तात 'सदस्यांनी समितीच्या उद्दिष्टांबाबत उत्सुकता दाखवली' असे आले आहे.

नव्या पट्ट्या आलेल्या होत्या. चौदा खोक्यांत, कोठारात. पण बैठकीच्या दालनात व्यासपीठ नव्हते, आणि जमिनीवर बसून हवामानावर बोलणे बरे दिसत नाही. म्हणून ती चौदा खोकी मांडून, वर सतरंजी टाकून व्यासपीठ केले होते. फिटर ज्या पट्ट्या मागत होता त्यांच्यावर बसूनच मागत होता. त्या सोडायच्या तर आधी नवे व्यासपीठ हवे. त्याची निविदा काढली. कमीत कमी कार्बनचे व्यासपीठ कोणते, यासाठी उपसमिती बसली (खोक्यांवरच).

शिवाय एक शास्त्रीय अडचण होती. संचाचा अभ्यास चालू होता, आणि अभ्यास चालू असताना अभ्यासाचा विषय बंद करता येत नाही. प्राध्यापकांनी हे फळ्यावर आकृती काढून पटवून दिले.

तोवर समिती हातावर हात ठेवून बसली नव्हती. ऊर्जेच्या प्रत्येक पर्यायाची तिने निःपक्षपातीपणे छाननी केली. सूर्याविषयी शेरा असा: गुणवत्ता उत्तम, संध्याकाळनंतर गैरहजर. वाऱ्याविषयी: वेळ पाळत नाही. अणुऊर्जेला सर्वांचा पाठिंबा मिळाला, फक्त जागेला मिळाला नाही. दिवे कमी जाळावेत ही सूचना 'भावनिक' म्हणून बाजूला ठेवली.

जे उपाय अमलात आले त्यांची यादी दालनाबाहेर लावली आहे. चिमणीला हिरवा रंग देणे (झाले). चिमणी चाळीस मीटरने उंच करणे, म्हणजे धूर पलीकडच्या जिल्ह्यात उतरेल व तिकडच्या हिशेबात धरला जाईल (पलीकडचा जिल्हाही चिमणी उंच करतो आहे). कोळशाला यापुढे 'प्राचीन वनस्पतीजन्य इंधन' म्हणणे. ही सूचना पुरवठादारांची. वनस्पतीजन्य इंधन हे हिरवे धरले जाते, त्यामुळे त्या एका दुपारी केंद्राची हरित ऊर्जा शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेली. आवारात झाडे लावायची होती, पण मोकळी जागा कोळशाच्या ढिगाऱ्याखाली असल्याने दोनशे बारा कुंड्या आणल्या. पाणी घालायला माणसे नव्हती. फिटरच्या हाताखालचे दोघे दिले.

लिफ्टचा प्रयोगही झाला. वीज वाचावी म्हणून ती बंद केली. तीन मजले चढून आलेले सदस्य किती जोराने श्वास सोडतात, हे प्राध्यापकांनी मोजले. श्वासातही तोच वायू असतो. लिफ्ट सुरू झाली.

फिटरला मात्र घाई होती. घाईने चांगल्या धोरणांचे नुकसान होते हे त्याला सांगून झाले होते. पण त्याच्या नोकरीचे अडतीस दिवस उरले होते. पट्टी आणि चाक यांच्यात किती फट ठेवायची, हे तो गार चाकाला कान लावून ठरवत असे, कारण तापल्यावर चाक वाकते. कागदावरच्या मापाने बसवलेल्या पट्ट्या गेल्या खेपेला आठवड्यात तुटल्या होत्या. ते कसब त्याने हाताखालच्या दोघांना अर्धे शिकवले होते. उरलेले अर्धे कुंड्यांपाशी बसून शिकवता येत नव्हते.

शेवटी त्याच्या बायकोने बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ताई, भावजींना सांग, पस्तीस वर्षांत यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि आता मागतायत ते काय, तर काम. ताईने ते जेवताना सांगितले. दुसऱ्यांदा वाढताना पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा वाढलेच नाही. दुसऱ्या दिवशी समितीने नऊ दिवसांच्या बंदला तत्त्वतः मान्यता दिली. खोकीही तत्त्वतः मोकळी झाली.

राहिली लोकांची संमती. संच बंद राहिला तर शहराच्या सातही विभागांत नऊ दिवस रोज दोन तास वीज जाणार होती. लोकशाहीत हे विचारून करावे लागते. एकेचाळीस हजार तीनशे घरांना अर्ज गेले. प्रश्न तीन. कार्बन कमी व्हावा का? अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी 'हो' लिहिले (उरलेल्यांकडे पेन नव्हते). चाक दुरुस्त व्हावे का? पंच्याण्णव टक्के हो. काहींनी समासात 'इतके दिवस झोपला होता का?' असेही विचारले होते.

तिसरा प्रश्न, रोज दोन तास वीज गेलेली चालेल का? उत्तरांत फक्त 'हो' आणि 'नाही' ठेवणे संकुचितपणाचे वाटल्याने सचिवांनी तिसरा पर्याय घातला होता: 'हो, पण शेजारच्या विभागात'. निकाल असा. नाही, तीन हजार तीनशे त्र्याऐंशी. शेजारच्या विभागात, सदतीस हजार नऊशे सहा. हो, अकरा.

म्हणजे संमती भरघोस होती. प्रत्येक विभागाची वीज घालवायला बाकीच्या सहा विभागांनी मनापासून परवानगी दिली होती. आता सगळ्यांच्या शेजारी असेल, पण ज्याला कोणी विचारलेले नसेल, असा विभाग शोधायचा होता. तो सापडला. केंद्राच्या भिंतीला लागून असलेली कामगार वसाहत, घरे चौऱ्याऐंशी. ती केंद्राचा भाग धरली जात असल्याने तिकडे अर्ज गेलेच नव्हते. फिटर तिथेच राहतो.

प्राध्यापकांनी हिशेब केला. शहरातल्या प्रत्येक घराने सोसायचे अठरा-अठरा तास या चौऱ्याऐंशी घरांनी एकट्यांनी, दिवसाचे चोवीस तास विजेवाचून राहून, सोसायचे ठरवले, तर तीनशे एकोणसत्तर दिवस पुरे होतात. तेवढे भरले की संच बंद करायला समितीची हरकत नव्हती.

"वीज साठवून ठेवता येत नाही, साडू," फिटर म्हणाला. "आज आमचा दिवा घालवून पुढच्या वर्षी तुमचा कसा लागेल?"

"म्हणूनच आत्तापासून सुरुवात करतोय."

"आणि माझे अडतीस दिवस?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिले. सचिवांनी कागदाकडे पाहिले. कागदावर एकतीस लिहिले होते. सात दिवस अर्ज मोजण्यात गेले होते.

एकतिसाव्या दिवशी फिटर निवृत्त झाला. निरोप समारंभ त्याच व्यासपीठावर झाला. त्याला एक कुंडी भेट दिली. भाषण कर म्हटल्यावर तो इतकेच म्हणाला, "चाकाची शीळ आता घरी ऐकू येते. पंखे बंद असतात ना, त्यामुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या बायकोने वाजवल्या नाहीत, आणि तिच्या ताईनेही.

समितीला मुदतवाढ मिळाली आहे. रोजच्या साठ टनांचे आता बासष्ट झाले आहेत, पण ते वनस्पतीजन्य असल्याने काळजीचे कारण नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे सर्व अर्ज सचिवांच्या कार्यालयात सुरक्षित आहेत. 'हो' लिहिणाऱ्या अकरा जणांचा सत्कार करायचा असल्याने, ज्यांनी तसे लिहिले त्यांनी ओळखपत्रासह येऊन त्यांतला आपला अर्ज ओळखून दाखवावा, असे जाहीर केले होते. कालपर्यंत चार हजार सहाशे जण येऊन गेले. सगळ्यांना आपण 'हो' लिहिल्याचे स्वच्छ आठवते. तुम्हालाही आत्ता तसेच आठवत असेल, तर जरूर या. रांग जिन्यावरून फाटकापर्यंत आहे, पण ताटकळणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून पंखे दिवसभर चालू ठेवले आहेत.