आमच्या घराण्याची हाडं

माणूस पारखण्यात मला कुणी फसवून दाखवावं! कीर्तनात पुढे बसायची सवय माझी. बुवांनी नुसता घसा साफ केला, की सांगते, आज आख्यान रंगणार की श्रोते पेंगणार.

तेव्हा आमच्या विमलाचं गुहागरला जमत आलं होतं. मुलगा लाखात एक, पोरीच्याही मनात भरलेला. पण बघून गेले ते गेले, तिकडून चकार शब्द नाही! विमलाचं जेवण सुटलं.

अशात दारात एक शहरी बाई उभी! खांद्याला पिशवी, हातात मोजायची टेप.

"मी डॉक्टर. आईची हाडं ठिसूळ असली तर मुलीच्या, नातीच्या वाट्याला तेच येतं का, याचा अभ्यास करतेय. पंधरा दिवस गुहागरला होते."

गुहागर! इथपर्यंतचा पूर्वरंग गोडच होता हो, पण उत्तररंगात बाईनं थेट विचारलं, "तुमच्या आईला पोक आहे? मुलीचं वय काय?"

झालं! ही तिकडच्यांनी पाठवलेली हेर! विठ्ठला, तूच सांभाळ!

"पोक? छे! आमच्यातल्या बायका पोफळीसारख्या ताठ!" मी ठोकून दिलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाठ विळ्यासारखी, नजर जमिनीला. "काय गो, या कुणाच्या चपला?"

"या... माझ्या सासूबाई!" मी म्हटलं.

"अरे वा! म्हणजे मुलीची सख्खी आजी!" बाईनं लगेच टेप उलगडली.

घ्या! पोक सासरचं ठरलं, तरी जायचं विमलाकडेच!

"नाही नाही! सासूबाई त्या भिंतीवर, हारातल्या! या आपल्या शेजारीण!"

"शेजारीण?" आई कडाडली. "अगो मेले, तुला जन्म दिला तो काय कुंपणावरून?"

डॉक्टरीणबाई आल्या पावली परत गेल्या. विमला माझ्याशी बोलेना.

आठवड्यानं निरोप आला, मुलाचे वडील गंगारामभाऊ येताहेत! नकार द्यायला एवढ्या लांब कोण येतं? देवापुढे निरांजन लावलं.

भाऊ आले, पण नजर वर करीनात. चहा निवला.

"वहिनी, तुम्ही डॉक्टरीण पाठवून चौकशी केलीत, त्याचा राग नाही. मुलीची आई ती, बघणारच. पण आमच्या म्हातारीला आम्ही गोठ्यात दडवली, ती नेमकी बाईसमोर आली. कंबरेत पार दुमडलेली! तुम्हाला कळलंच असेल. आता कुठल्या तोंडानं होकार मागू?"

मी पदर सावरला आणि बुवांसारखा धीरगंभीर आवाज काढला, "भाऊ, हाडांचं काय घेऊन बसलात! आम्ही माणसं बघतो. म्हातारं माणूस कधी लपवायचं असतं?"

भाऊंचे डोळे भरून आले. आत विमला फिस्सकन हसली.

आणि शेजारच्या गंगुबाईच्या पडवीतून, जिथं आईला मी सकाळीच नेऊन बसवलं होतं, तिथून तिची हाक आली, "ठरलं का गो? आता येऊ घरी?"